उस्मा वाळेपर्यंत

ही गोष्ट खरी आहे.

कुणाच्या मावसभावाच्या मित्राला आलेला अनुभव नाही. माझ्या या दोन हातांनी केलेलं काम आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला ते सोडता येत नाही, म्हणून सांगतेय.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. माझ्या गोष्टीत रात्र नाही. भर जूनमधली दुपार होती. ताजिकिस्तानातलं खुजंद शहर, बाजारामागच्या गल्लीतला आमचा फोटो स्टुडिओ. ऊन असं की गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खरबूजवाला गाडीखाली झोपला होता.

मी मवजूदा. फोटोआधी लोकांचे चेहरे तयार करते. फोटो काढतात उस्तो शरीफ. उस्तो म्हणजे उस्ताद. लग्नाचे, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे... आणि थडग्याच्या दगडाचे.

आमच्याकडे काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरून घेतात. मुल्ला नाक मुरडतात, लोक ऐकत नाहीत. कितीतरी म्हातारी माणसं जिवंतपणीच येऊन फोटो काढून ठेवतात. एक आजोबा मला म्हणाले होते, "मिशी नीट काप गं पोरी, तिथं मला फार दिवस राहायचंय."

त्या फोटोची तयारी वेगळी. दगडाला रंग कळत नाही, फक्त उजेड आणि काळोख कळतो. लाल ओठ दगडावर काळे ठिक्कर दिसतात, म्हणून ओठ फिके ठेवायचे. कपाळावर तेलाची चमक राहू द्यायची नाही. गालाखाली थोडी सावली भरायची. आणि भुवया ठसठशीत. भुवया गेल्या की चेहरा गेला.

भुवयांना मी उस्मा लावते. उस्माची हिरवी पानं उन्हात कोमेजवायची, तळहातात चोळून पिळायची आणि रस पालथ्या पियाल्याच्या बुडावर धरायचा. मग काडीला कापूस गुंडाळून भुवयांवर लावायचा, दोन भुवया मध्ये जोडायच्या. आधी हिरवा दिसतो, वाळला की काळा होतो. आणि वाळेपर्यंत चेहरा हलवायचा नाही. हसायचं नाही, रडायचं नाही, बोलायचं तर ओठांतल्या ओठांत. एकदा उस्मा लागला की बाई खुर्चीला बांधल्यासारखी बसते.

माझी आई आणखी एक सांगायची. रस पिळल्यावर खुर्ची रिकामी ठेवायची नाही. ज्या बाईसाठी पिळलाय, तिला लगेच लावायचा. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या दुपारी कारोमात खोला आल्या. खोला म्हणजे मावशी, आणि कारोमात खोला अख्ख्या गल्लीच्या मावशी. मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. त्यांचा मुलगा दिलोवर बाहेर गाडीत बसून राहिला. खोलांच्या मागून एक मुलगी आत आली. साधा निळा झगा, मान खाली. हातात एक पिशवी.

"मवजूदा, हिला आमची रुख्शोना करून दे," खोला दारातूनच म्हणाल्या.

रुख्शोना त्यांची सून. बाळंतपणानंतर तापानं गेली. पोरगा परविज तेव्हा पाळण्यात होता. आता वर्ष भरत आलं होतं, दगड बसवायचा होता. आणि ही मुलगी रुख्शोनाची धाकटी बहीण, हुसनिया.

"फोटो नाही का तिचा एकही?" मी विचारलं.

"लग्नातले ढीगभर आहेत. पण चांगल्या घरची पोर, मान वर केलीय का कुठं? सगळ्यात डोळे खाली. दगडवाला म्हणतो, उघड्या डोळ्यांचा आणा, झोपलेली बाई मी कोरत नाही. मोबाईलमध्ये होते, तर आमच्या दिवट्यानं मोबाईलच कालव्यात घालवला."

"खोला, जिवंत माणसाचा चेहरा थडग्यावर... बरं नाही ते."

"चेहरा हिचा कुठंय? नाव रुख्शोनाचं, भुवया रुख्शोनाच्या, डाव्या गालावरचा तीळ रुख्शोनाचा. हिचं नुसतं नाक उसनं घ्यायचंय." खोला पदराएवढ्या रुमालानं वारा घेत होत्या. "आणि वर्षाचा दिवस झाला की निकाह आहे. दिलोवरशी. तिच्याच जागी यायचंय हिला. आत्तापासून सवय झालेली बरी."

मुलगी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

खोला फोटोच्या खोलीत उस्तोंजवळ जाऊन बसल्या. मी हुसनियाला माझ्या खोलीत घेतलं.

ही खोली नीट समजून घ्या. तिला खिडकी नाही. एक दार फोटोच्या खोलीत उघडतं, दुसरं मागच्या अंगणात. अंगणाला उंच भिंती, कोपऱ्यात नळ आणि संडास. अंगणातून बाहेर पडायचं तर माझ्याच खोलीतून, दुसरी वाट नाही.

हुसनियानं पिशवीतून बहिणीचा रेशमी झगा काढला आणि खिळ्याला अडकवला. अंगात घातला नाही.

"शेवटी घालते, आपा. चालेल?"

"चालेल."

मी तिचं तोंड पुसलं, मलम लावलं, रंगाचा पहिला हात दिला. ती आरशात बघत नव्हती.

"दुशान्बेच्या नर्सिंग कॉलेजात नाव लागलंय माझं," ती एकदम म्हणाली. "अजून कुणाला सांगितलं नाही."

"आईला सांग की."

"सांगून काय होणार? आई म्हणते, परविजला परकी आई नको. दिलोवरदादा चांगले आहेत, म्हणे. आहेतच चांगले. खोलाही तशा चांगल्या आहेत. कुणीच वाईट नाही, आपा. म्हणून तर भांडताही येत नाही."

मला तिची फार दया आली. इकडे आड, तिकडे विहीर. पोराला टाकावं तर पाप, आणि स्वतःला टाकावं तर तेही पापच. पण मी काय करणार होते? माझं काम चेहऱ्यापुरतं.

मी पानं पिळायला घेतली. रस पियाल्याच्या बुडावर हिरवागार जमला. काडीला कापूस गुंडाळला. तेवढ्यात ती उठली.

"आपा, कसंतरी होतंय. अंगणात जाऊन येते."

"लवकर ये, रस पिळलाय."

ती अंगणात गेली. दार तिच्यामागे लोटलं गेलं.

आणि... पंखा थांबला.

वीज गेली. आरशाभोवतीचे दिवे विझले. खोलीत काळोख झाला. मी चाचपडत फोटोच्या खोलीत गेले. तिथे मोठी खिडकी आहे, उजेड होता. खोला खुर्चीत पेंगत होत्या.

"गेली," उस्तो म्हणाले. "आता संध्याकाळशिवाय येत नाही. तू आटप. खिडकीच्या उजेडात काढतो, दगडाला तोच बरा."

मी परत आले तेव्हा हुसनिया खुर्चीत बसलेली होती.

मागचं दार बंद होतं. माझ्यामागच्या दाराच्या फटीतून येणारा उजेड तेवढा. तिनं रेशमी झगा घातला होता. खिळा रिकामा दिसला. मला बरंच वाटलं, एक काम झालं.

"बरं वाटतंय का गं?"

तिनं मान हलवली.

काळोखाचं मला काही नाही. इतक्या वर्षांत भुवया कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे बोटांना पाठ झालंय. मी डावा अंगठा तिच्या कपाळावर टेकला आणि काडी रसात बुडवली.

कपाळ गार होतं.

आताच पाण्यानं धुतलं असेल, मी मनाशी म्हटलं. पण धुतलं असतं तर ओलं लागलं असतं. ते कोरडं होतं. त्या उकाड्यात माझ्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता... आणि तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

आणि मी लावलेला रंगही नव्हता.

पहिली भुवई झाली. काडी बदलताना माझी करंगळी तिच्या डाव्या गालाला लागली. तिथे काहीतरी उंचवटा होता. तीळ.

मी अजून तीळ काढला नव्हता.

आणि काढलेला तीळ हाताला लागत नाही.

मी थांबले. माझं मनगट तिच्या नाकासमोर होतं. मी वाट पाहिली. त्यावर श्वास येईल, कोमट वारा लागेल...

काही लागलं नाही.

तेव्हाच मागच्या दारावर थाप पडली.

"आपा..." अंगणातून आवाज आला. "आपा, कडी आतून लागलीय. उघडा ना. उन्हानं अंग भाजतंय."

तो हुसनियाचा आवाज होता.

मी दाराकडे पाहिलं. कडी खरंच लागलेली होती. मी लावली नव्हती.

मला ओरडायचं होतं. भिंतीपलीकडे उस्तो होते, खोला होत्या. पण आवाज निघेना. मी कपाळावरचा अंगठा उचलायला गेले... तो उचलला गेला नाही. कुणी धरला नव्हता. नुसता उचलला जात नव्हता.

"आपा?" बाहेरून पुन्हा थाप. "आहात ना आत?"

खुर्चीतली बाई ओठांतल्या ओठांत बोलली. उस्मा ओला असताना बायका बोलतात, तशीच. चेहरा न हलवता.

"आपा... दुसरी राहिलीय."

मी दुसरी भुवई काढली.

काय करणार होते? तुम्ही काय केलं असतं? बाहेर ती पोर दार ठोकत होती आणि मी आत शेवट बारीक करत होते, मध्ये जोड देत होते. हात कापायला हवा होता, तो कापलाही नाही. इतकी सरळ भुवई मी जन्मात काढली नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग आम्ही दोघी उस्मा वाळायची वाट बघत बसलो.

ती हलत नव्हती. मीही हलू शकत नव्हते. बाहेरची थाप हळूहळू मंदावली. मग हुसनिया दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. तिच्यात आणि माझ्यात एक लाकडी फळी होती, आणि मी तिला "थांब" एवढंही म्हणू शकले नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग अंगठा सुटला. ती उठली. जाताना झग्याची सळसळ झाली, पावलांचा आवाज झाला नाही. दार उघडलं तेव्हा खिडकीचा उजेड क्षणभर तिच्या पाठीवर पडला. वेणीला जुना, कोंदट वास होता, बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तसा.

पलीकडून उस्तोंचा आवाज ऐकू आला. "इथे बस, मुली. हनुवटी जरा वर. माझ्याकडे बघ... बघ की. हां. छान."

खोला जाग्या झाल्या असाव्यात. "अगंबाई," त्या म्हणाल्या. मग त्यांचा हुंदका ऐकू आला. "हुबेहूब गं. हुबेहूब आमची रुख्शोना."

नंतर पायऱ्या उतरल्याचे आवाज. गाडीचं दार लागलं. गाडी निघाली.

गाडीचा आवाज गल्लीत विरल्यावर मला हलता आलं. मी कडी काढली.

हुसनिया उंबऱ्यावर बसली होती. अंगावर निळा झगा. मी लावलेला रंग घामानं ओघळून मानेपर्यंत आला होता. भुवया कोऱ्या.

"किती ठोकलं, आपा," ती म्हणाली. "कुणाशी बोलत होता?"

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, ओघळलेला रंग सगळा पुसून काढला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझा फोन वाजला. कारोमात खोला. मी आवाज मोठा केला, हुसनियालाही ऐकू जावं म्हणून.

"मवजूदा, तुझ्या हाताला तोड नाही बघ. आणि ऐक, पोरगी अनवाणीच गाडीत बसली. चपला तुझ्याकडेच राहिल्यात वाटतं. असू दे, घरी आहेत. म्हटलं, चल तुला आईकडे सोडते, तर म्हणाली, नको, परविजला बघते आधी. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली गं. पोरगंही तिच्या कडेवर गेलं आणि गप्प झालं. अल्लाची कृपा."

फोन ठेवल्यावर हुसनियानं आपल्या पायांकडे पाहिलं. चपला तिच्याच पायांत होत्या.

तिनं त्या रिकाम्या खिळ्यावरून बोट फिरवलं, जिथे तो झगा अडकवला होता.

"ती पोरासाठी आली," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "म्हणजे मी सुटले का, आपा?"

त्या रात्री मी तिला माझ्या घरी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दुशान्बेच्या टॅक्सीत बसवलं. डोंगरापलीकडे. तिनं डोक्याचा रुमाल पुढे ओढून घेतला होता. आपल्याच गावातून ती चोरासारखी गेली.

वर्षाचा दिवस झाला. दगड बसला. निकाह झाला, हुसनियाच्या नावानं.

त्यानंतर तिची आई एकदा माझ्याकडे आली. चहा प्यायली, हवापाण्याचं बोलली. उठताना माझा हात धरून म्हणाली, "मी त्या घरी गेले होते. कपाळाचा मुका घेतला. माझ्या पोटची आहे ती, पण धाकटी नाही." मी काही बोलणार, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "सांगू नकोस. धाकटी सुखात आहे ना, एवढंच सांग." मी मान हलवली. ती रडली नाही. आमची माणसं काही गोष्टी गिळून टाकतात, नाहीतर जगता येत नाही.

मला वाटलं, आता मीही गिळायचं. सगळे सुखात आहेत. पोराला आई मिळाली, हुसनियाला कॉलेज, खोलांना हवी तशी सून. आपण कशाला उकरायचं?

मग एका सकाळी ती स्वतः आली.

परविजला घेऊन. त्याचा पासपोर्टचा फोटो काढायचा होता. ती माझ्या खुर्चीत बसली आणि पोराला मांडीवर घेतलं. मी ओल्या फणीनं त्याचे केस बसवले. तो खिदळत होता, तिच्या वेणीशी खेळत होता. गोड पोर आहे.

मी आरशात बघायचं टाळत होते. पण किती टाळणार?

उस्मा फार तर आठवडाभर टिकतो. मग फिका पडतो, पुन्हा लावावा लागतो. त्या दुपारला आता बरेच महिने झाले होते. तिच्या भुवया... तशाच. मी काढल्या तशाच. मधला जोडसुद्धा.

"ती बरी आहे?" तिनं विचारलं. ओठांतल्या ओठांत.

"बरी आहे." माझी फणी थांबली होती.

"तिकडेच राहू दे तिला."

"तिची आई इथे आहे," मी कशीबशी म्हणाले. "कधीतरी येईलच."

तिनं परविजची कॉलर नीट केली. फार मायेनं केली, खोटं का बोलू. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"एका नावावर दोघी कशा राहणार, आपा? एकीला माझ्या जागी जावं लागेल. दगड तर बसलाच आहे."

रागानं नाही म्हणाली. बाजारात भाव सांगतात, तसं म्हणाली. परविज हसत होता.

त्या दिवसापासून मी उस्मा पिळणं सोडलं. आता पेन्सिल वापरते. बायका कुरकुर करतात.

हुसनियाला मी सगळं कळवलं. तिनं ऐकलं. सुट्ट्यांत आली नाही, सणालाही आली नाही. फोनवर म्हणायची, "आपा, आधी घरात कोंडल्यासारखं वाटायचं. आता एवढं मोठं शहर आहे, आणि इथेही तसंच वाटतं." मी म्हणायचे, जीव तर आहे. ती म्हणायची, हो, जीव आहे.

आज सकाळी तिचा फोन आला. ती टॅक्सीत होती. आईला झटका आलाय, शेजारणीनं कळवलं होतं.

"फिर मागे," मी म्हटलं. "हुसनिया, ऐक माझं. मी जाते तुझ्या आईकडे. मी बसते तिच्याजवळ."

"आपा, तुमची आई असती तर?"

पुढे बोगदा होता. आवाज तुटला.

तेव्हापासून मी फोन लावतेय. लागत नाही. बोगदा एवढा लांब नाही.

दुपारी मी तिच्या आईकडे जायला निघणार, तेवढ्यात कारोमात खोलांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. दबक्या आवाजात बोलत होत्या, कुणी ऐकेल अशा भीतीनं.

"मवजूदा, तू जरा येतेस का घरी? आमची सून सकाळपासून नटून बसलीय. तो रेशमी झगा घातलाय. दाराकडे तोंड करून खुर्ची टाकलीय आणि हलत नाही. मी म्हटलं, तुझी आई आजारी आहे, चल, भेटून येऊ. तर म्हणते, थांबा... बहीण यायचीय."

खोलांचा श्वास मला ऐकू येत होता.

"मवजूदा," त्या म्हणाल्या, "हिची बहीण तर आपण पुरली ना गं? मग कोण येणार आहे?"